पीसी ‘ओपन’ होता, पण नाका कोणाच्या हातात होता?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पीसीच्या धंद्यात ओपन मॉडेल जिंकलं आणि क्लोज्ड हरलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण ज्या आयबीएमने पीसी खुला ठेवला ती कंपनी या धंद्यातून बाहेर पडली, आणि सगळं कडीकुलपात ठेवणारी ॲपल मात्र बक्कळ कमावते आहे. मग जिंकलं कोण? आणि आज कोणी नव्याने संगणक बनवायला घेतला, तर त्याने काय खुलं ठेवावं आणि काय बंद?

मी या धंद्यात ॲड-ऑन कार्डं (संगणकात खोचायची जादा सर्किटं) आणि फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच बसवलेला प्रोग्रॅम) यांवर मिळून पंचवीसेक वर्षं घालवली. म्हणजे दुसऱ्याने उघड्या ठेवलेल्या दारातून आत शिरून पोट भरणाऱ्यांपैकी मी एक. माझं माप थोडं त्या बाजूला झुकतं, हे आधीच सांगून टाकतो.

‘ओपन की क्लोज्ड’ हा प्रश्न अख्ख्या मशीनला लावला की उत्तर हमखास चुकतं. मशीनला थर असतात: प्रोसेसर, बस (कार्डं आणि प्रोसेसर जोडणारा मार्ग), फर्मवेअर, ऑपरेटिंग सिस्टीम, वरचे प्रोग्रॅम. प्रत्येक थर वेगळ्याच्या ताब्यात असू शकतो. आणि एखादा थर सगळ्यांना मोकळा झाला, तिथे दहा जण भाव पाडायला लागले, की पैसा शेजारच्या बंद थराकडे सरकतो. म्हणून मी एवढंच बघतो की नाका कुठे आहे आणि पावती कोण फाडतंय.

आयबीएमपासून सुरुवात करू. ‘आयबीएमने पीसी खुला ठेवला’ हे वाक्य जरा सैल आहे. फ्लोरिडातल्या बोका रॅटनच्या टीमला साधारण वर्षभरात माल बाजारात आणायचा होता. आयबीएमच्या नेहमीच्या रीतीने सगळं घरात बनवायला घेतलं असतं तर ते शक्यच नव्हतं. म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचे, प्रिंटर एप्सनचा, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची, अशी बाहेरून जमवाजमव करून १२ ऑगस्ट १९८१ ला पीसी जाहीर झाला. सोबत एक टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल विकायला ठेवलं. त्यात सर्किटच्या आकृत्या होत्या आणि बायोस या फर्मवेअरचा अख्खा कोड, म्हणजे लिस्टिंग, छापलेलं होतं. हेतू सरळ होता: कार्डं बनवणाऱ्यांनी यावं, स्लॉट भरावेत, मशीनचा उपयोग वाढावा. गंमत अशी की हा धडा त्यांच्यासमोर ॲपलनेच गिरवून ठेवला होता. १९७७ च्या ॲपल टू मध्ये आठ स्लॉट होते, झाकण हाताने उचलून निघायचं आणि मॅन्युअलमध्ये सर्किट छापलेलं असायचं. ॲपल म्हणजे जन्मापासून बंद, असं समजणाऱ्यांनी ते मशीन एकदा उघडून बघावं.

पण आयबीएमने एक नाका स्वतःकडे ठेवला होता. बायोस. मदरबोर्डवरच्या रॉममधले आठ किलोबाइट. हार्डवेअर आणि डॉस (मायक्रोसॉफ्टची ती ऑपरेटिंग सिस्टीम) यांच्यामधला हा दुभाषी. त्यावर कॉपीराइट होता, आणि लिस्टिंग छापल्यामुळे तो कमकुवत झाला नव्हता, उलट पक्का झाला होता. कारण ज्याने ते मॅन्युअल वाचलं त्याने नंतर स्वतःचा बायोस लिहिला, तर ‘मी बघितलंच नव्हतं’ असं तो कोर्टात म्हणूच शकत नव्हता. थेट उतरवून काढणाऱ्यांचं काय होतं हे १९८३ मध्ये दिसलं. फ्रँकलिन या कंपनीने ॲपल टू च्या रॉममधला कोड जसाच्या तसा उचलला होता. अपिलात कोर्टाने सांगितलं की रॉममधला प्रोग्रॅमसुद्धा कॉपीराइटखाली येतो.

मग यावर तोड निघाली ती ‘क्लीन रूम’ची. दोन टीम असतात. पहिली टीम मूळ कोड वाचते आणि फक्त वागणूक लिहून काढते: इंटरप्ट १३एच (डिस्कच्या कामाची हाक) आला, एएच रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या खान्यात) २ आहे, म्हणजे डिस्कवरून सेक्टर वाचायचे, किती वाचायचे ते एएलमध्ये, चूक झाली तर कॅरी फ्लॅग लावून परत जायचं. दुसऱ्या टीमने मूळ कोड आयुष्यात पाहिलेला नसतो. तिच्या हातात ही टिपणं येतात आणि तेवढ्यावरून ती नवा कोड लिहिते. मधल्या प्रत्येक कागदाची नोंद ठेवली जाते. कॉम्पॅकने १९८२ मध्ये हे स्वतःसाठी केलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांची ती कंपनी, आणि तिचं मशीन उचलून न्यायचं म्हणजे जवळपास तेरा किलोचा ऐवज. तरी १९८३ या पहिल्याच पूर्ण वर्षात ११.१ कोटी डॉलरची विक्री झाली. १९८४ मध्ये फिनिक्स या सॉफ्टवेअर कंपनीने असाच बायोस बनवला आणि तो कुणालाही परवान्याने विकायला काढला. त्या दिवसापासून आठ किलोबाइटांचा तो नाका उठला.

मी स्वतः बऱ्याच नंतर, एका कंट्रोलर कार्डाच्या फर्मवेअरसाठी अशा ‘दुसऱ्या खोलीत’ बसलो आहे. टिपणांत एका ठिकाणी लिहिलं होतं की ही चूक आली की ठरावीक वेळ थांबून मगच उत्तर द्यायचं. आम्हाला ते थांबणं निरर्थक वाटलं, म्हणून काढून टाकलं. कार्ड वेगवान झालं, सगळे खूश. आठवड्याभरात एक जुना प्रोग्रॅम चालेना. त्याची कॉपी प्रोटेक्शन नेमकी त्या विलंबावर टेकलेली होती. विलंब परत घातला. तेव्हा डोक्यात शिरलं की या धंद्यात स्टँडर्ड म्हणजे कागदावरचं स्पेसिफिकेशन नसतं. लोकांचे प्रोग्रॅम ज्या ज्या गोष्टीवर विसंबलेत ते सगळं स्टँडर्ड, मूळ मशीनच्या चुकांसकट.

ऐंशीच्या दशकात हे अनेकांना महागात पडलं. डीईसीचा रेनबो, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा प्रोफेशनल ही मशीनं एमएस-डॉसवर चालायची, काही बाबतींत पीसीपेक्षा सरस होती. पण १९८३ च्या सुरुवातीला आलेला हिशेबाचा प्रोग्रॅम लोटस १-२-३ वेगासाठी डॉसला वळसा घालून थेट स्क्रीनच्या मेमरीत लिहायचा. ती मेमरी तुमच्या मशीनमध्ये दुसऱ्या पत्त्यावर असली की संपलं. गिऱ्हाईक लोटस आणि फ्लाइट सिम्युलेटर चालवून बघायचं. चाललं तर ‘कंपॅटिबल’, नाही तर कितीही सरस असा, माल पडून.

तर बायोसचा नाका उठला, मग पैसा गेला कुठे? दोन थरांत गेला, आणि दोन्ही बंद होते.

पहिला मायक्रोसॉफ्टचा. आयबीएमशी करार करताना त्यांनी डॉस इतरांना विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला. पीसीसोबत सुरुवातीला वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम मिळायच्या, पण पीसी-डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम-८६ २४० डॉलरला, मग निवड कोण करत बसणार? पुढे जितके क्लोन (आयबीएम पीसीसारखीच चालणारी दुसऱ्यांची मशीनं) वाढले, जितकी मारामारी होऊन मशीनचे भाव पडले, तितका डॉसचा आणि नंतर विंडोजचा गल्ला भरला. क्लोनवाल्यांची आपसातली स्पर्धा म्हणजे मायक्रोसॉफ्टची फुकट विक्रीयंत्रणा होती. त्यातही त्यांनी एक पाचर मारून ठेवली होती: ‘पर प्रोसेसर’ परवाना. विकलेल्या प्रत्येक मशीनमागे पैसे द्यायचे, मग त्यावर डॉस घातलेला असो वा नसो. दुसऱ्याची सिस्टीम घालणाऱ्या कंपनीला दोन्हींचे पैसे मोजायची वेळ. अमेरिकन न्याय खात्याशी १९९४ मध्ये झालेल्या तडजोडीत ही पद्धत थांबवावी लागली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ‘ओपन पीसी’चा सुवर्णकाळ म्हणतात तो हाच.

दुसरा थर इंटेलचा. सुरुवातीला आयबीएमचा आग्रह होता की प्रोसेसर एकाच कंपनीकडून घेणार नाही, म्हणून एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीला तोच प्रोसेसर बनवायचा परवाना मिळाला. ३८६ या नव्या प्रोसेसरच्या वेळी इंटेलने तो द्यायचं नाकारलं आणि भांडण वर्षानुवर्षं चाललं. एएमडीचा ३८६ बाजारात यायला १९९१ उजाडलं. या काळातलं इंटेलचं दुसरं वागणं मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. पीसीआय बस त्यांनी १९९२ मध्ये पुढे आणली आणि सगळ्या उद्योगाच्या हवाली केली. १९९६ ची यूएसबी इतर कंपन्यांसोबत मिळून केली, आणि तीही रॉयल्टीशिवाय. औदार्य म्हणून नव्हे. मंद बसवर वेगवान प्रोसेसर विकत कोण घेणार? आपल्या नाक्याकडे येणारा रस्ता त्यांनी स्वखर्चाने रुंद करून दिला. ‘ओपन स्टँडर्ड’ची घोषणा ऐकली की मी अजून पहिल्यांदा हेच बघतो की या रस्त्याच्या टोकाला नाका कुणाचा आहे.

आणि आयबीएम? त्यांना उमगलं, पण उशिरा. एप्रिल १९८७ मध्ये पीएस/२ आली आणि तिच्यात मायक्रो चॅनल ही नवी बस. तांत्रिकदृष्ट्या उत्तम. मी जुन्या बसवर कार्डांचे जंपर (पिना जोडणारी छोटी टोपणं) हलवून हलवून आयआरक्यूची (प्रोसेसरला हाक मारायच्या क्रमांकाची) भांडणं मिटवलेली आहेत. साउंड कार्ड आणि प्रिंटर पोर्ट यांनी एकच आयआरक्यू धरला की एक मुकं, नाही तर दुसरं. मायक्रो चॅनलमध्ये जंपर नव्हते, सगळं सॉफ्टवेअरने बसायचं. पण जुनं एकही कार्ड त्यात बसत नव्हतं, आणि ती बस वापरायची तर आयबीएमला रॉयल्टी द्यायची, वर आधी विकलेल्या क्लोनबद्दलही मागणी. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी ईआयएसए नावाची स्वतःची बस जाहीर केली. तिचा स्लॉट मला आजही कौतुकाचा वाटतो. आत संपर्काच्या दोन पातळ्या, वर आणि खाली. जुनं कार्ड खोचलं की ते खोबणीतल्या अडथळ्यांवर अडून वरच्याच पातळीवर थांबायचं आणि नेहमीसारखं चालायचं. नव्या कार्डाला त्या जागी खाचा असायच्या, ते खालपर्यंत जायचं आणि ३२ बिट मिळायचे. प्लॅस्टिकच्या त्या उंचवट्यांत सगळं धोरण होतं: तुमचं जुनं फेकायला लावणार नाही. ईआयएसए फार मोठी झाली नाही, महाग होती, सर्व्हरमध्येच राहिली. पण मायक्रो चॅनलची सक्ती तिने मोडली. आयबीएमने अखेर २००५ मध्ये पीसीचा धंदा लेनोव्होला देऊन टाकला.

हीच चूक इंटेलने पुढे इटॅनियम या प्रोसेसरच्या रूपाने केली. नवी घडण (आर्किटेक्चर), एएमडीला परवाना नाही, आणि जुने प्रोग्रॅम रखडत चालणार. एएमडीने जुन्याच घडणीला ६४ बिट जोडले, २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणला, आणि वर्षभरात इंटेललाच तो मार्ग धरावा लागला. खुलं करून झालेलं परत बंद करायचं तर गिऱ्हाइकाकडून काहीतरी हिसकावून घ्यावं लागतं, आणि ते गप्प बसत नाही.

आता ॲपल. १९८४ चा मॅकिंटॉश आत एकही स्लॉट न ठेवता आला. मागचे स्क्रू टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या) डोक्याचे, त्यातले वरचे दोन हँडलच्या खोल खोबणीत. घरातल्या कुठल्याही स्क्रू ड्रायव्हरने ते निघत नसत. मेमरी १२८ किलोबाइट, वाढवायची सोय दिलेली नाही. तीन वर्षांनी मॅकिंटॉश टू ला सहा स्लॉट द्यावे लागले. म्हणजे ॲपलसुद्धा कुलूप कधी घालते, कधी काढते. १९९५ पासून त्यांनी क्लोनचाही प्रयोग केला. पॉवर कम्प्युटिंगसारख्या कंपन्यांना मॅक ओएसचा परवाना दिला. अपेक्षा अशी की मॅकचा बाजार वाढेल. तो वाढला नाही. क्लोनवाल्यांनी ॲपलचंच गिऱ्हाईक पळवलं, तेही महागड्या मशीनचं. एका मशीनमागे मिळणारी परवाना फी आणि त्या मशीनवर गमावलेला नफा यांचा मेळ बसेना. १९९७ च्या आर्थिक वर्षात ॲपलला शंभर कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला होता. स्टीव्ह जॉब्झ परत आले आणि त्याच वर्षी पॉवर कम्प्युटिंगचा परवाना दहा कोटी डॉलर मोजून परत घेतला. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता, आणि हे मी क्लोनवाल्यांच्या गोटातला माणूस म्हणून सांगतोय. मायक्रोसॉफ्ट परवाने विकून जगू शकत होती कारण तिला मशीन विकायचं नव्हतं. मशीन विकून जगणाऱ्याने परवाना वाटला की तो स्वतःच्या ताटातलं वाढत असतो.

बंद असण्याचा खरा फायदा कुठे दिसतो सांगू? १९९८ च्या आयमॅकमध्ये. यूएसबी पोर्ट तोवर पीसीवर येऊन दोनेक वर्षं झाली होती, पण त्याला लावायला उपकरणं फारशी नव्हती, कारण जुने पोर्ट होतेच. पीसीवाल्यांपैकी एकट्याने जुने पोर्ट काढले असते तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे गेलं असतं. ॲपलने फ्लॉपी आणि स्वतःचे जुने पोर्ट एका फटक्यात काढून टाकले. मॅक हवा असेल तर यूएसबी घ्या. उपकरणं बनवणाऱ्यांना खात्रीचा बाजार दिसला आणि निळ्या, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकच्या यूएसबी वस्तूंचं पीक आलं. खुलं स्टँडर्ड मार्गी लावायला बंद कंपनीचा मोठा हातभार लागला. २०२० मध्ये एम१ या स्वतःच्या चिपच्या वेळी तेच, फक्त प्रोसेसरच्या थरावर. सगळे थर एकाच्या हातात असले की कुणाची संमती घ्यावी लागत नाही. बदल्यात मेमरी चिपच्याच पॅकेजमध्ये बसवलेली, नंतर वाढवता येत नाही, आणि वाढीव मेमरीचा भाव ॲपल सांगेल तो.

पण ॲपल टिकली म्हणून ‘क्लोज्डमध्ये नफा असतो’ असं कुणी शिकवू लागलं तर माझं टाळकं सरकतं. बुडालेली बंद दुकानं कोण मोजतं? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीआय-९९/४ए साठी बाहेरच्यांनी काढलेल्या कार्ट्रिज चालू नयेत म्हणून १९८३ मध्ये मशीनमध्येच बदल केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घरगुती संगणकांचा धंदा बंद केल्याचं जाहीर केलं. कमोडोरचं अमिगा हे त्या काळचं अप्रतिम मशीन; ती कंपनी १९९४ मध्ये बुडाली. सगळे थर स्वतः सांभाळायचे म्हणजे सगळ्यांचा खर्च स्वतः सोसायचा, आणि एक थर मागे पडला की अख्खं मशीन मागे पडतं.

खुलेपणाचाही खर्च असतो, तो बिलात दिसत नाही इतकंच. कार्ड चालत नाही म्हणून फोन यायचा. मी मदरबोर्डवाल्याकडे बोट दाखवायचो, तो बायोसवाल्याकडे, तो विंडोजच्या ड्रायव्हरकडे, आणि तिथून चेंडू परत माझ्याकडे. प्रत्येक जण थोडाफार खराच बोलत असायचा. गिऱ्हाइकाला कोण चुकलं याच्याशी देणंघेणं नसतं. ॲपल जे जास्तीचे पैसे घेते त्यातला एक भाग हा फोन एकाच जागी लागण्याचा आहे.

उरला तुमचा नव्या मशीनचा प्रश्न. जे सगळ्यांकडे सारखंच मिळतं ते खुलं ठेवा: पोर्ट, स्टोरेज, मेमरीचे स्लॉट, दुरुस्तीचं मॅन्युअल. तिथे कुलूप लावून दोन पैसे मिळतील, पण माणूस दुखावेल. एका लॅपटॉप कंपनीने बायोसमध्ये वायफाय कार्डांची मान्य यादी घालून ठेवली होती. अगदी तसंच, त्याच चिपचं दुसरं कार्ड लावलं की मशीन सुरूच व्हायचं नाही, काळ्या पडद्यावर एक ओळ. आमच्या गिऱ्हाइकाची अशी चाळीस मशीनं परत आली तेव्हा मी ती ओळ पाहून पाहून पाठ केली होती. ते गिऱ्हाईक पुन्हा त्या कंपनीकडे गेलं नाही. याच्या उलट, २०२१ पासून फ्रेमवर्क या लॅपटॉप कंपनीने बदलता येणारे भाग आणि पोर्टच्या कार्डांचं डिझाइन खुलं ठेवून मशीनं विकून दाखवली आहेत. प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीम मात्र तिथेही दुसऱ्यांचीच, हे विसरू नका.

बंद ठेवायची तर एकच गोष्ट ठेवा, जी तुम्ही दरवर्षी सुधारू शकता. डिझाइन असो, फर्मवेअर असो, सेवा असो. सुधारणा थांबली की कॉम्पॅकसारखं कुणीतरी दुसऱ्या खोलीत टिपणं घेऊन बसलेलंच असतं.

आणि पहिल्या करारावर सही करण्याआधी फर्मवेअरच्या किल्ल्यांचं (डिजिटल सही करायच्या गुप्त आकड्यांचं) बघा. त्या आठ किलोबाइटांच्या जागी आज यूईएफआय आहे, आणि सिक्युअर बूटमुळे सुरुवातीला काय चालेल हे कुणाची सही आहे त्यावर ठरतं. बहुतेक मशीनांत ती किल्ली मायक्रोसॉफ्टची असते, लिनक्सवाल्यांचा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅमसुद्धा तिथूनच सही होऊन येतो. २०१२ मध्ये विंडोज ८ च्या वेळी नियम होता की इंटेल घडणीच्या मशीनवर मालकाला ते बंद करता आलं पाहिजे. विंडोज १० पासून ते बनवणाऱ्यावर सोडलं. तुमच्या मशीनमध्ये मालकाला स्वतःची किल्ली घालता येईल का, आणि फर्मवेअर अपडेटवर सही करणारी किल्ली तुमच्याकडे असेल की बोर्ड बनवून देणाऱ्याकडे, हे करारात लिहून घ्या. आम्ही एकदा हे गृहीत धरलं होतं. पंख्याच्या वेगाचा एक आकडा बदलायचा होता. कोड आमच्याकडे होता, दुरुस्ती एका दुपारची होती, आणि सही मिळायला चार महिने लागले.